विषय : मुलाचे बोलणे तपासणेबाबत

"एवढ्या लांब जाऊन पोराला कॉर्पोरेशनच्या शाळेत घालणार?"

सासूबाईंचा हा प्रश्न फलटणहून व्हिडिओ कॉलवर आला आणि आम्ही दोघंही खो खो हसलो. चूक त्यांची नव्हती. आम्ही राहतो त्या अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात शाळांच्या जिल्ह्याचं अधिकृत नावच 'स्कूल कॉर्पोरेशन' असतं. बाकी बहुतेक राज्यांत 'डिस्ट्रिक्ट' म्हणतात. नगरपालिकेशी त्याचा संबंध नाही, त्याचं मंडळ वेगळं, आणि तुमचं घर कुठल्या हद्दीत येतं त्यावरून तुमची शाळा ठरते. देणगी नाही, मुलाखत नाही, रात्रभर रांगेत उभं राहणं नाही. सासूबाईंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे कॉर्पोरेशनचीच की."

नवऱ्याची बदली फलटणच्या इंजिनांच्या कारखान्यातून इकडे झाली. गाव लहान. दोन मोठे रस्ते, मध्ये कोर्टाची जुनी इमारत, चहूबाजूंनी मका आणि सोयाबीनची शेतं. आम्ही आलो जानेवारी २०२३ मध्ये. मुलगा साडेनऊ वर्षांचा, फलटणच्या सेमी-इंग्रजी शाळेतून चौथीचं वर्ष अर्धवट सोडून आलेला. वर्षाच्या मध्ये नाव घालून घेतील का, ही धाकधूक मला विमानात बसल्यापासून होती. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, "उद्यापासून पाठवता का परवापासून?"

मी जाताना जाडजूड फाईल नेली होती. पासपोर्ट, व्हिसा, नवऱ्याचं कंपनीचं पत्र, शाळा सोडल्याचा दाखला, मार्कलिस्ट, आधार कार्डसुद्धा. बाईंनी घराचा भाडेकरार, विजेचं बिल, जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड एवढंच काढून घेतलं. व्हिसाचं पान मी पुढे सरकवलं तर त्यांनी ते न बघता परत सरकवलं. नंतर कळलं की १९८२ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल झालाय : मूल देशात कुठल्या कागदावर राहतं यावरून सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. म्हणून ते विचारायच्याच भानगडीत पडत नाहीत. दाखला मात्र त्यांनी हौसेनं बघितला. त्यातला 'जात व पोटजात' हा रकाना काय आहे ते विचारलं, आणि जन्मतारीख अंकी असताना पुन्हा अक्षरी का, तेही विचारलं. दुसऱ्याचं उत्तर देणं सोपं होतं.

तारखेचा खरा घोटाळा लसीच्या कार्डावर झाला. शाळेच्या नर्स म्हणाल्या, गोवराची लस धरता येणार नाही, ती पहिल्या वाढदिवसाच्या आधी दिलीय. मी म्हटलं, नवव्या महिन्यातली सोडा, ही बघा पंधराव्या महिन्यातली. कार्डावर ०४/०९/२०१४ लिहिलेलं. पोरगं जूनमधलं. मला ती चार सप्टेंबर दिसत होती, त्यांना नऊ एप्रिल. पाच मिनिटं आम्ही एकमेकींकडे सहानुभूतीनं बघत होतो. मग त्यांचं बोट वरच्या ओळीत १८/०९/२०१३ वर गेलं, आणि त्या थांबल्या. अठरावा महिना कुठून आणणार? मग दोघींनी मिळून सगळं कार्ड महिना आधी, दिवस नंतर असं उतरवून काढलं. तरीही गोवराचा आणि कांजिण्यांचा एकेक डोस कमी पडलाच. तो काउंटीच्या आरोग्य केंद्रात एकाच दिवशी, दोन दंडांत, असा उरकला. इकडे कुणी येणार असेल तर कार्डावरचे महिने आधीच अक्षरात लिहून आणा, एवढंच सांगते.

आता मूळ गोष्टीकडे येते.

नाव घालताना एक छोटा फॉर्म भरून घेतात. तीन प्रश्न : मुलाची मातृभाषा कोणती, तो जास्त करून कोणती भाषा बोलतो, घरी कोणती बोलतो. मी तिन्ही ठिकाणी अभिमानानं 'मराठी' लिहिलं. एका जरी ठिकाणी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा आली, की मुलाची इंग्रजीची चाचणी होते, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी तेच लिहिलं असतं. तर पहिल्याच आठवड्यात त्याची 'विडा' नावाची चाचणी झाली. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं अशा चार बाजू, एक ते सहा पातळ्या. वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलाचा निकाल दोन आठवड्यांत घरी कळवावा लागतो, तसं पत्र आलं. वाचन ४. ऐकणंही तेवढंच. बोलणं १.५.

नवरा म्हणाला, "साहजिकच आहे, सेमी-इंग्रजीवाल्यांचं बोलणं कच्चंच असतं."

पण मुलानं रात्री अंथरुणात जे सांगितलं ते असं : "आई, मला उत्तर येत होतं. हेडफोन लावून कॉम्प्युटरवर बोलायचं होतं. मी 'बिकॉज'च्या 'बि'वर होतो, तोवर त्यांचं रेकॉर्डिंग बंद झालं."

आमचा मुलगा बोलताना अडखळतो. साडेचार वर्षांचा असल्यापासून. 'क'वर, 'ब'वर, वाक्याच्या सुरुवातीला जास्त. मान थोडी उजवीकडे झुकते, डोळे मिटतात, आणि शब्द येत नाही. फलटणला यावर सगळे उपाय झाले होते. वेखंड उगाळून मधातून चाटवलं, अक्कलकाढा झाला, कुणी सांगितलं म्हणून मोठ्यानं पाढे म्हणून घेतले. वर्गात हजेरीला 'हजर' म्हणायचा त्याचा नंबर जवळ आला की पोटात गोळा येतो, असं तो म्हणायचा. आणि आम्ही घरचे? आम्ही 'सावकाश बोल बाळा' म्हणायचो आणि बहुतेक वेळा त्याचं वाक्य आम्हीच पुरं करून टाकायचो. त्यातल्या त्यात मी.

फेब्रुवारीच्या पालकभेटीत मी हे वर्गशिक्षिकेच्या कानावर घातलं. बाई फार चांगल्या. पण म्हणाल्या, नवा देश, नवी भाषा, मुलं लाजतात, त्याला वेळ द्या. मार्चमध्ये धीर करून कार्यालयात विचारलं, तर तिथंही तेच : आधी इंग्रजी येऊ दे, वर्षभरानं बघू. मी 'ओके, थँक यू' म्हणून घरी आले. वर त्यांनाच दिलेल्या त्रासाबद्दल 'सॉरी'सुद्धा म्हणाले असेन.

शेजारी एक आजी राहतात. बावीस वर्षं त्यांनी शाळेची पिवळी बस चालवली. गुडघ्यांमुळे आता सोडली, पण गावातल्या प्रत्येक मुलाचं घर त्यांना अजून पाठ. त्यांच्या अंगणातला बर्फ आमच्या ह्यांनी ढकलला, म्हणून केळ्याचा केक घेऊन आल्या होत्या. मुलाशी दोन मिनिटं बोलल्या आणि तो आत गेल्यावर म्हणाल्या, "शाळेत सांगितलं का?" म्हटलं, दोनदा. "तोंडी का लेखी?" तोंडी. त्यांनी मान हलवली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या : लिहून दे. तारीख घाल. पोच घे.

मला हसूच आलं. अख्खं शालेय जीवन ज्या अर्जलेखनात गेलं, तेच इथं सातासमुद्रापार उपयोगी पडणार होतं.

त्या रात्री वाचत बसले. अपंगत्व किंवा शिकण्यातली अडचण असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा देशभराचा कायदा इथे १९७५ पासून आहे. इंडियानाचे त्यावरचे नियम 'आर्टिकल सेव्हन' म्हणून ओळखले जातात. बोलण्यातली अडचण त्यात स्पष्ट येते. पालकानं तपासणी मागितली की शाळेला शाळेच्या दहा दिवसांच्या आत लेखी उत्तर द्यावं लागतं, हो किंवा नाही, आणि का. हो म्हटलं आणि पालकानं संमतीची सही केली, की शाळेच्या पन्नास दिवसांत तपासणी पुरी करून बैठक घ्यायची. पैसे शून्य. आणि ज्या ओळीवर मी बराच वेळ थांबले ती ही : तपासणी शक्यतो मुलाच्या स्वतःच्या भाषेत व्हावी, आणि नुसतं इंग्रजी येत नाही म्हणून कुणाला या यादीत घालता येणार नाही. म्हणजे इंग्रजीचा वर्ग हे एक दार आणि बोलण्याची थेरपी हे दुसरं. दोन्हीतून एकदम जाता येतं. पहिल्यातून बाहेर पडल्याशिवाय दुसरं उघडत नाही असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

अर्ज आधी मराठीत लिहिला, कारण मला तसाच सुचतो. प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय : मुलाचे बोलणे तपासणेबाबत. वरील विषयास अनुसरून विनंती करते की... मग तो इंग्रजीत उतरवला. 'आपला आज्ञाधारक'चं काय करायचं ते न कळल्यानं ते गाळलं. 'तो मराठीतही अडखळतो, वयाच्या साडेचार वर्षांपासून' हे वाक्य मात्र ठळक केलं. ईमेल केला आणि छापील प्रतही नेऊन दिली. कार्यालयात म्हटलं, माझ्या प्रतीवर आजची तारीख आणि सही करता का? बाईंनी जरा चमकून बघितलं, पण केली.

आठव्या दिवशी होकार आला. सोबत पालकांच्या हक्कांची एक पुस्तिका, इतक्या बारीक अक्षरात की नवऱ्यानं ती झोप येण्यासाठी ठेवून दिली. एप्रिलच्या मध्यावर मी सही केली.

आणि मग उन्हाळा आडवा आला. पन्नास दिवस म्हणजे शाळा भरते ते दिवस, कॅलेंडरचे नाहीत, हे मी वाचलं होतं पण मोजलं नव्हतं. मेअखेर शाळा सुटली तेव्हा तीस-एक दिवस झाले होते. उरलेले ऑगस्टमध्ये, शाळा उघडल्यावर. हीच सही फेब्रुवारीत झाली असती तर सगळं उन्हाळ्याआधी आटपलं असतं, हे गणित मी जून-जुलैत बऱ्याच वेळा केलं.

तपासणी मात्र मेमध्येच झाली होती. थेरपिस्ट बाई आठवड्याला तीन शाळांत फिरणाऱ्या, गाडीच्या डिकीत खेळण्यांची पेटी ठेवणाऱ्या. आधी माझ्याकडून एक प्रश्नावली भरून घेतली. कधी सुरू झालं, कोणासमोर जास्त, फोनवर कसं. 'कुटुंबात आणखी कुणाला?' या प्रश्नावर मी 'नाही' लिहिलं. मग आठवलं, आमच्या ह्यांच्या सख्ख्या काकांना अख्खं गाव 'बोबडे काका' म्हणायचं. ते खरोखर बोबडे नव्हते, अडखळायचे. लग्नाला अकरा वर्षं झाली, मला त्यांचं खरं नाव माहीत नव्हतं. 'नाही' खोडून 'हो' लिहिलं. बाई म्हणाल्या, हे बऱ्याचदा घराण्यात असतं.

मग त्या म्हणाल्या, आता तुम्ही दोघं तुमच्या भाषेत गप्पा मारा, दहा मिनिटं, मी नुसती ऐकते. मी म्हटलं, तुम्हाला मराठी कुठं कळतं? म्हणाल्या, शब्द कळायची गरज नाही. कागदावर आडव्या रेघा मारून बसल्या. मी मुलाला म्हटलं, आजोबांच्या बैलांची गोष्ट सांग. तो सांगायला लागला. बेंदराला बैल रंगवले होते, एकाच्या शिंगाचा रंग आजोबांच्या धोतराला लागला. बाईंची पेन्सिल खाली न बघता चालत होती. शब्द सहज आला की टिंब, तोच आवाज पुन्हा पुन्हा आला की तिरकी रेघ, आवाज पूर्ण अडकला की आडवी. 'आजोबा' सहज. 'बैल'ला आडवी रेघ, लांब. 'बेंदूर'ला तीन तिरक्या. त्यांना ना बैल कळला ना बेंदूर, पण पोरगं कुठं अडलं ते प्रत्येक ठिकाणी बरोबर पकडलं. आणि एक चौथी खूण होती, गोल. शेवटी विचारलं तेव्हा सांगितलं : जिथं जिथं आईनं शब्द पुरवला, तिथं गोल.

दहा मिनिटांत अकरा गोल होते.

बैठक ऑगस्टअखेर झाली. इंडियानात तिला 'केस कॉन्फरन्स' म्हणतात. टेबलाभोवती मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका, इंग्रजीच्या बाई, थेरपिस्ट, शाळेच्या मानसशास्त्रज्ञ आणि आम्ही दोघं. माझ्यासाठी फोनवर दुभाषी आणला होता. तो हिंदीचा निघाला. 'नमस्ते बहनजी' म्हणाला तेव्हा त्याचाच जीव अवघडला होता. त्याला धन्यवाद देऊन मोकळं केलं.

शेवटी जो आराखडा ठरला त्यात आठवड्यातून दोनदा, वीस-वीस मिनिटं थेरपी. पण मला महत्त्वाची वाटली ती दुसरी ओळ. इथे मुलांचं वाचन मिनिटाला किती शब्द यावर मोजतात. मूल मोठ्यानं वाचतं, बाई घड्याळ लावतात. अडखळणारं मूल त्यात कायम 'वाचनात मागे' दिसणार. आमच्या मुलाला घड्याळ लावायचं नाही, वाचलेलं कळलं का एवढंच विचारायचं, असं लिहून घेतलं. वर्गात हात वर केल्याशिवाय अचानक उभं करायचं नाही, हेही. हे सुचवलं इंग्रजीच्या बाईंनी.

थेरपीत त्यांनी पहिली गोष्ट काय शिकवली असेल? मुद्दाम अडखळायला. सोप्या शब्दावर, हसत हसत, स्वतःच्या मर्जीनं अडखळायचं. अडखळण्याची भीती गेली की अडकणंही सैल पडतं, असा त्यामागचा विचार. शब्द हळू सुरू करणं, ओठ अलगद टेकवणं हे नंतर आलं. आणि बाईंनी मला स्पष्ट सांगितलं, हे पूर्ण जाईल असं मी म्हणत नाही, त्याला जे बोलायचंय ते तो बोलेल हे आपलं काम. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या अवाक् झाल्या. "मुद्दाम? आम्ही इतकी वर्षं वेखंड उगाळत बसलो आणि त्या बाई मुद्दाम करायला सांगतायत?"

बाकी या शाळेत काय काय आहे ते हळूहळू कळत गेलं, बरंचसं शेजारच्या आजींकडून. २०२३ च्या ऑगस्टपासून इंडियानात पालकांना पुस्तकांचं भाडं भरावं लागत नाही. जानेवारीत आलो तेव्हा भरलं होतं, ते अर्थात परत मिळालं नाही. जेवणाच्या सवलतीचा फॉर्म दरवर्षी नव्यानं भरायचा असतो, तो भरायचं लोक विसरतात. आजींची नात अकरावीत अर्धा दिवस करिअर सेंटरला जाऊन नर्सिंग असिस्टंटचं शिकते, आणि राज्याच्या आयव्ही टेक या कम्युनिटी कॉलेजचे काही विषय शाळेत बसूनच पुरे करते, फी न भरता. नातू एफएफएवाला. शेतीच्या मुलांची ही संघटना १९२८ ची. निळं कॉर्डुरॉयचं जाकीट घालून तो पोरगा एका सकाळी शाळेत चक्क ट्रॅक्टरनं गेला. सासूबाईंना त्याचा फोटो पाठवला. त्यांना अमेरिकेतली पटलेली ही पहिली गोष्ट.

सहावीत बँड सुरू होतो. त्याआधी एका संध्याकाळी सगळी वाद्यं मांडून मुलांना फुंकून बघू देतात. क्लॅरिनेट, ट्रम्पेट असली लहान वाद्यं दुकानातून महिन्याच्या भाड्यानं घ्यायची. मोठी, अवजड वाद्यं बहुधा शाळेचीच असतात, कारण ती कोण विकत घेणार? नवऱ्यानं हा हिशेब ऐकला आणि मुलाला डोळ्यांनी खुणावलं. त्यानं युफोनियम धरलं. वजनानं जवळजवळ वाकला. पण ओठ टेकवून फुंकल्यावर पहिल्याच फटक्यात आवाज आला, म्हशीसारखा. बँडचे सर म्हणाले, सगळ्यांना नाही येत पहिल्यांदा. ओठ अलगद टेकवायची सवय थेरपीतून आली असेल का, हा माझा आपला तर्क. थेरपिस्ट बाई त्यावर फक्त हसल्या.

आराखडा वर्षाला एकदा तरी पुन्हा बघावा लागतो. गेल्या वेळच्या बैठकीत मुलालाही बोलावलं, कारण सहावीत गेल्यावर शिक्षक सात होतात आणि त्यांना काय सांगायचं ते त्यानंच ठरवावं, असं बाईंचं म्हणणं. तो चिठ्ठी लिहून घेऊन आला होता, पण ती खिशातच राहिली. म्हणाला, मला दोनच गोष्टी लिहायच्यात. एक, मला वर्गात उभं करायचं नाही ते काढून टाका, केलं तरी चालेल. दुसरी गोष्ट 'ब'वर अडली. मान उजवीकडे झुकली, डोळे मिटले. टेबलावर सहा माणसं, कुणी हललं नाही. मला तो शब्द माहीत होता. जीभ दाताखाली धरून बसले. "ब... बोलताना मध्ये माझं वाक्य कुणी पुरं करायचं नाही," तो म्हणाला. मुख्याध्यापक टाईप करत होते. ते थांबल्यावर म्हणाला, "आईनंपण नाही. तेही लिहा."

मुख्याध्यापकांनी कीबोर्डवरचे हात उचलले आणि फार गंभीरपणे सांगितलं, या कागदावर शाळेनं काय करायचं एवढंच लिहिता येतं, आईवडिलांवर तो बंधनकारक नसतो.

मग मी माझी वही उघडली, त्यात ते वाक्य मराठीत लिहिलं, खाली सही केली आणि त्याच्यापुढे सरकवली. त्यानं वाचलं.

"तारीख?" म्हणाला.